वरंबे काढू का? : टू-वे अनोव्हा आणि इंटरॅक्शन, अगदी पहिल्यापासून

इंदुरात ॲग्रीकल्चर, फार्मसी किंवा सायकॉलॉजीच्या एम.एससी.ला असलेल्या मुलांच्या घरी थीसिसच्या दिवसांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. गाइडनी सांगितलेलं असतं, "टू-वे लगा के ले आओ." टू-वे म्हणजे टू-वे अनोव्हा (ॲनॅलिसिस ऑफ व्हेरिअन्स), दोन घटकांचा परिणाम एकदम तपासायची संख्याशास्त्रातली कसोटी. डेटा तयार असतो, एक्सेल उघडं असतं. पण हे लावायचं कशासाठी आणि आलेल्या तक्त्यात कुठे बघायचं, हे कोणी सांगितलेलं नसतं. हा लेख अशा मुलांसाठी आहे. एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत हाताने सोडवू. बेरीज, वजाबाकी आणि वर्ग एवढं येत असलं की पुरे. टी-टेस्टची थोडी ओळख असेल तर उत्तमच.

पायरी १ : प्रश्न कागदावर मांडा

टू-वे अनोव्हाला एक मोजलेला आकडा लागतो आणि त्यावर परिणाम करू शकतील असे दोन घटक लागतात. माळव्यात राहून उदाहरण सोयाबीनचंच घ्यायला हवं. काळी भारी जमीन, जुलै-ऑगस्टची झड, शेतात साचलेलं पाणी. समजा, आपल्याला पेरणीच्या दोन पद्धती तपासायच्या आहेत, सपाट आणि वरंबा-सरी. सोबत तीन वाण आहेत, त्यांना क, ख, ग म्हणू. मोजायचं आहे उत्पादन, हेक्टरी क्विंटलमध्ये.

इथे प्रश्न तीन आहेत. पद्धतीने फरक पडतो का? वाणाने फरक पडतो का? आणि पद्धतीने पडणारा फरक प्रत्येक वाणात सारखाच असतो का? तिसऱ्या प्रश्नाला इंटरॅक्शन म्हणतात, मराठीत आंतरक्रिया. पहिले दोन प्रश्न दोन वेगवेगळे वन-वे (एकाच घटकाचे) अनोव्हा करूनही हाताळता आले असते. तिसरा आला नसता, आणि माझ्या मते प्रयोगाचा खर्च वसूल होतो तो तिसऱ्यातच.

सांवेरकडचे काका "वरंबे काढू का रे?" असं विचारतात तेव्हा इंटरॅक्शन असेल तर सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. "काका, वाण कोणतं पेरताय?" असं आधी विचारावं लागतं.

हे तंत्र शेतातच जन्मलं आहे. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. १९२३ साली त्यांनी विनिफ्रेड मॅकेन्झी यांच्यासह बटाट्याच्या १२ वाणांवर खतांचा परिणाम तपासणारा लेख छापला. अनोव्हाच्या अगदी सुरुवातीच्या छापील वापरांपैकी हा एक. त्यांचा प्रश्नही आपल्यासारखाच होता: सगळे वाण खताला सारखाच प्रतिसाद देतात का? पुढच्याच वर्षी, १९२४ साली, इंदुरात इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. अल्बर्ट हॉवर्ड यांची कंपोस्टची 'इंदूर पद्धत' तिथलीच, आणि आज त्या आवारात कृषी महाविद्यालय आहे. विनायक गोविंद पानसे हे याच संस्थेत काम करत. त्यांनी आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी शेतीतल्या प्रयोगांच्या संख्याशास्त्रावर लिहिलेलं पुस्तक १९५४ साली आलं आणि देशभरातल्या कृषी महाविद्यालयांत शिकवलं गेलं. म्हणजे हा विषय इंदूरकरांना परका नाही.

पायरी २ : आखणी

दोन पद्धती आणि तीन वाण मिळून सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडी निदान दोनदा तरी हवी, तीनदा-चारदा असेल तर बरं. एकाच प्लॉटवर भागवलं तर त्या जोडीचा खास परिणाम कोणता आणि जमिनीच्या उंचसखलपणामुळे आलेला फरक कोणता, हे वेगळं करायला काहीच उरत नाही. (जॉन ट्यूकी यांनी १९४९ साली अशा एकेरी डेटातही ठरावीक प्रकारचं इंटरॅक्शन ओळखायची युक्ती दिली, पण ती अडचणीतली वाट आहे. तिच्या भरवशावर आखणी करू नये.)

आपण प्रत्येक जोडीचे तीन प्लॉट घेऊ, एकूण १८. कोणत्या प्लॉटवर कोणती जोडी हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. एका बाजूला सगळं सपाट आणि नाल्याच्या बाजूला सगळे वरंबे अशी वाटणी झाली, तर पुढचं कोणतंही गणित ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

एक गोष्ट शेतीवाल्यांसाठी. वरंबे ट्रॅक्टरने काढायचे तर छोट्या प्लॉटवर ट्रॅक्टर वळत नाही. मग अख्ख्या पट्ट्यावर एकच पद्धत राहते आणि त्या पट्ट्याच्या आत वाणं विभागली जातात. ही झाली स्प्लिट-प्लॉट आखणी. तिच्यात दोन वेगवेगळे एरर (म्हणजे एकसारखी वागणूक मिळूनही उरणारे फरक), एक पट्ट्यांमधला आणि एक पट्ट्याच्या आतला, असतात आणि पद्धतीचा परिणाम पट्ट्यांमधल्या एररशी ताडून बघावा लागतो. तो साध्या टू-वेने तपासला तर परिणाम आहे त्यापेक्षा पक्का वाटतो. तेव्हा शेतात खरोखर काय केलं ते गाइडना आधी सांगा.

पायरी ३ : आकडे मांडा आणि आधी सरासरी काढा

खालचे आकडे हिशोब सोपा यावा म्हणून मी रचलेले आहेत, कोणत्याही खऱ्या वाणाचे नाहीत.

| | वाण क | वाण ख | वाण ग |
|---|---|---|---|
| सपाट | ११, ११, १४ | १७, १८, १९ | १३, १६, १६ |
| वरंबा-सरी | १८, १९, २० | १७, १७, २० | १६, १७, १८ |

आता प्रत्येक खान्याची सरासरी:

| | क | ख | ग | पद्धतीची सरासरी |
|---|---|---|---|---|
| सपाट | १२ | १८ | १५ | १५ |
| वरंबा-सरी | १९ | १८ | १७ | १८ |
| वाणाची सरासरी | १५.५ | १८ | १६ | १६.५ |

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हा तक्ता हाताने करा आणि त्याचा आलेख काढा. आडव्या अक्षावर तीन वाणं, उभ्या अक्षावर उत्पादन, प्रत्येक पद्धतीसाठी एक रेघ. रेघा समांतर असतील तर इंटरॅक्शन नाही. आपल्या आलेखात क पाशी दोन रेघांमध्ये ७ क्विंटलचं अंतर आहे, ख पाशी त्या एकमेकींना टेकतात आणि ग पाशी पुन्हा २ ने फाकतात. अर्धी गोष्ट इथेच कळते. क ला साचलेलं पाणी सोसत नसावं, ख ला त्याचं फारसं काही वाटत नसावं. अनोव्हाने फक्त इतकंच ठरवायचं आहे की ही फाकाफाक प्लॉट-प्लॉटमधल्या नेहमीच्या फरकापेक्षा मोठी आहे की नाही.

पायरी ४ : प्रत्येक खान्याचा हिशोब फोडा

ही पायरी सावकाश करा. इंटरॅक्शन कळतं ते इथेच.

एकूण सरासरी १६.५ आहे. सपाट पेरणीची सरासरी १५, म्हणजे एकूण सरासरीपेक्षा १.५ कमी. वरंबा-सरीची १८, म्हणजे १.५ जास्त. वाणांचं तसंच: क ची १ ने कमी, ख ची १.५ ने जास्त, ग ची ०.५ ने कमी.

आता समजा पद्धत आणि वाण आपापलं काम एकमेकांकडे न बघता करतात. मग 'सपाट + क' या खान्यात किती उत्पादन यायला हवं होतं? १६.५ मधून पद्धतीचे १.५ आणि वाणाचा १ वजा केला की १४. प्रत्यक्षात आलं १२. हे जे जादाचे उणे २ आहेत, त्यांचा दोष पद्धतीवर एकट्याने टाकता येत नाही आणि वाणावरही टाकता येत नाही. ते या जोडीचे आहेत. इंटरॅक्शन म्हणतात ते यालाच.

सगळ्या खान्यांत असं केलं की सपाटच्या ओळीत क, ख, ग साठी −२, +१.५ आणि +०.५ येतात, वरंब्याच्या ओळीत +२, −१.५ आणि −०.५. प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक रकान्याची बेरीज शून्य यायला हवी. नाही आली तर वजाबाकी तपासा.

आता वर्ग करून बेरीज:

पद्धत: १.५ चा वर्ग २.२५, असे १८ प्लॉट, म्हणून ४०.५.

वाण: १, २.२५ आणि ०.२५ यांची बेरीज ३.५. प्रत्येक वाणाचे ६ प्लॉट, म्हणून २१.

इंटरॅक्शन: ४, २.२५ आणि ०.२५ यांची बेरीज ६.५. ओळी दोन, म्हणून १३. प्रत्येक खान्यात ३ प्लॉट, म्हणून ३९.

एरर: प्रत्येक खान्यातले तीन आकडे त्या खान्याच्या सरासरीपासून किती लांब आहेत त्याचे वर्ग. 'सपाट + क' मध्ये ११, ११, १४ हे १२ पासून −१, −१, +२, म्हणजे वर्गांची बेरीज ६. सहा खान्यांचे ६, २, ६, २, ६, २ मिळून २४.

या चौघांची बेरीज १२४.५ होते. १८ आकड्यांचे १६.५ पासूनचे वर्ग थेट मोजले तरी तेवढेच येतात. एकदा स्वतः करून बघा, अनोव्हा म्हणजे एकूण चढउताराची वाटणी आहे हे मग विसरायला होत नाही.

पायरी ५ : तक्ता

डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे डीएफ, सोपे आहेत. पद्धती २, म्हणून १. वाणं ३, म्हणून २. इंटरॅक्शनचे त्यांच्या गुणाकाराइतके, २. एररचे प्रत्येक खान्यातून २ प्रमाणे १२. एकूण १७, म्हणजे प्लॉटांपेक्षा एक कमी. बेरजेला डीएफने भागलं की मीन स्क्वेअर, आणि त्याला एररच्या मीन स्क्वेअरने भागलं की एफ.

| | वर्गांची बेरीज | डीएफ | मीन स्क्वेअर | एफ |
|---|---|---|---|---|
| पद्धत | ४०.५ | १ | ४०.५ | २०.२५ |
| वाण | २१ | २ | १०.५ | ५.२५ |
| पद्धत × वाण | ३९ | २ | १९.५ | ९.७५ |
| एरर | २४ | १२ | २ | |
| एकूण | १२४.५ | १७ | | |

एफ सीमेच्या वर गेला तर परिणाम 'लक्षणीय' म्हणतात, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक क्वचितच दिसेल. ५ टक्के पातळीला १ आणि १२ डीएफसाठी एफची सीमा ४.७५ आहे, २ आणि १२ साठी ३.८९. तिन्ही एफ सीमेच्या वर आहेत. इंटरॅक्शनची पी-व्हॅल्यू, म्हणजे इंटरॅक्शन मुळात नसताना एवढा किंवा याहून मोठा एफ येण्याची शक्यता, साधारण ०.००३ येते.

तुमची आखणी ब्लॉकची असेल (शेताचे सारख्या जमिनीचे गट पाडून प्रत्येक गटात सगळ्या जोड्या), म्हणजे कृषीवाल्यांच्या भाषेत फॅक्टोरियल आरबीडी, तर तक्त्यात ब्लॉकची आणखी एक ओळ येईल. तीन ब्लॉक असतील तर त्यांना २ डीएफ जातील आणि एररला १० उरतील.

पायरी ६ : तक्ता खालून वर वाचा

बरीच मुलं पहिली ओळ बघतात, स्टार (सॉफ्टवेअरची लक्षणीय असल्याची खूण) दिसला की लिहून टाकतात, "वरंबा-सरी पद्धतीने उत्पादन लक्षणीयरीत्या वाढले." एफ २०.२५ आहे, म्हटलं तर वाक्य खोटं नाही. पण सरासरी वाढ किती? ३ क्विंटल. आणि ही ३ ची वाढ प्रत्यक्षात कोणाला मिळाली? क ला ७, ख ला शून्य, ग ला २. एकाही वाणाला ३ मिळालेली नाही. ख पेरणाऱ्याने हे वाक्य वाचून ट्रॅक्टरचं भाडं भरलं तर त्याच्या हाती काहीच येणार नाही.

म्हणून आधी इंटरॅक्शनची ओळ वाचा. ती लक्षणीय असेल तर वरच्या दोन ओळींवर थांबू नका, खान्यांमध्ये उतरा. ती लक्षणीय नसेल आणि आलेखही जवळपास समांतर असेल, तर पद्धत आणि वाण यांच्याबद्दल वेगवेगळं बोलायला हरकत नाही.

खान्यांमध्ये उतरायचं म्हणजे एका वेळी एक वाण धरून दोन पद्धतींची तुलना करायची, किंवा एक पद्धत धरून तीन वाणांची. कृषी महाविद्यालयात यासाठी सीडी काढतात, म्हणजे क्रिटिकल डिफरन्स. दोन खान्यांच्या सरासरींतल्या फरकाची स्टँडर्ड एरर म्हणजे २ गुणिले एररचा मीन स्क्वेअर भागिले ३ याचं वर्गमूळ, इथे १.१५५. १२ डीएफचा टी (टी-टेस्टच्या तक्त्यातली ५ टक्क्यांची सीमा) २.१७९. गुणाकार २.५२. दोन सरासरींत यापेक्षा जास्त फरक असेल तर तो धरायचा.

क मध्ये पद्धतींचा फरक ७, धरला. ग मध्ये २, धरता येत नाही. ख मध्ये काहीच नाही. उलट बाजूने बघितलं तर सपाट जमिनीत वाणांचे फरक ३, ३ आणि ६ आहेत, तर वरंब्यावर जास्तीत जास्त २. म्हणजे वरंबे काढले की वाण कोणतं याला फारसं महत्त्व उरलेलं दिसत नाही. एकाच इंटरॅक्शनच्या या दोन बाजू आहेत. कोणती सांगायची हे वाचणारा काय ठरवणार आहे त्यावर अवलंबून.

एक सावधगिरी. सहा सरासरींत १५ जोड्या होतात. प्रत्येकीला ५ टक्क्यांची सूट दिली तर एखादा फरक निव्वळ योगायोगाने पुढे येतो. सगळ्याच जोड्या ताडायच्या असतील तर ट्यूकीची कसोटी लावा. तिची सीमा इथे ३.८८ येते. तीत ७ आणि ६ हे फरक टिकतात, सपाट जमिनीतले ३-३ चे गळतात. मी स्वतः प्रयोगाआधी ठरवलेल्या मोजक्या तुलनांना सीडी वापरीन आणि बाकी सगळीकडे ट्यूकी.

सॉफ्टवेअरमध्ये कुठे घसरतं

एक्सेलच्या डेटा ॲनॅलिसिसमध्ये 'टू-फॅक्टर विथ रेप्लिकेशन' हा पर्याय निवडायचा. 'विदाउट' निवडलात तर इंटरॅक्शनची ओळच मिळणार नाही. एक्सेलला प्रत्येक खान्यात सारखेच आकडे लागतात. एखादा प्लॉट रानडुकरांनी खाल्ला असेल तर एक्सेल सोडून आर (R) किंवा एसपीएसएस (SPSS) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरकडे जा.

तिथे डेटा लांब मांडणीत भरा: एक प्लॉट, एक ओळ, आणि पद्धत, वाण, उत्पादन असे तीन रकाने. वाणांना १, २, ३ असे आकडे दिलेत तर आरला ते मोजमाप वाटतं, म्हणून तो रकाना फॅक्टर आहे हे आधी सांगावं लागतं. विसरलात का हे तपासायची सोपी खूण म्हणजे डीएफ. वाणाचा डीएफ २ च्या जागी १ दिसला की समजा विसरलात. आरच्या सूत्रात दोन घटकांमध्ये अधिकचं चिन्ह (+) दिलं तर इंटरॅक्शन धरलं जात नाही, तारा (*) दिला तर धरलं जातं.

खान्यांतले आकडे असमान झाले की आणखी एक भानगड. पद्धत आणि वाण यांचे वाटे एकमेकांत अडकतात आणि कोणाच्या वाट्याला किती जायचं यावर तीन रीती आहेत, टाइप १, २ आणि ३. आरमधला नेहमीचा अनोव्हा टाइप १ देतो, तिथे घटक कोणत्या क्रमाने लिहिले यावर उत्तर बदलतं. एसपीएसएस आपोआप टाइप ३ देतं. दोन मैत्रिणींनी एकच डेटा दोन सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि उत्तरं जुळली नाहीत, तर संशय आधी इथे घ्या. संख्या समान असतील तर तिन्ही रीती एकच उत्तर देतात.

गृहीतकं, थोडक्यात

नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) असायला हवेत ते रेसिड्युअल, म्हणजे प्रत्येक आकडा उणे त्याच्या खान्याची सरासरी. मूळ आकड्यांचा हिस्टोग्राम काढून घाबरू नका, सहा वेगळ्या सरासरींचे ढीग एकत्र केल्यावर तो वेडावाकडाच दिसणार. खान्यांमधला पसारा साधारण सारखा आहे ना, हे बघा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक आकडा स्वतंत्र हवा. एकाच प्लॉटमधली पाच झाडं मोजली तर त्या पाच पुनरावृत्ती होत नाहीत, ती एकच पुनरावृत्ती पाचदा मोजलेली असते.

इंटरॅक्शन 'नाही' म्हणण्याआधी

पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर आली म्हणजे इंटरॅक्शन नाहीच, असं होत नाही. दोन बाय दोनच्या साध्या आखणीत इंटरॅक्शन हा फरकांमधला फरक असतो आणि त्याची स्टँडर्ड एरर एकट्या घटकाच्या फरकाच्या स्टँडर्ड एररच्या दुप्पट येते. म्हणून तेवढाच मोठा परिणाम तेवढ्याच खात्रीने पकडायला चौपट प्लॉट लागतात. छोट्या प्रयोगांत इंटरॅक्शन हातून निसटणं अगदी सामान्य आहे. अशा वेळी "लक्षणीय आढळले नाही" एवढंच लिहा आणि खान्यांच्या सरासरी तक्त्यात द्या. इंटरॅक्शनची ओळ काढून टाकून तिचे डीएफ एररमध्ये मिसळायचा सल्लाही मिळतो. आखून केलेल्या प्रयोगात मी ती ठेवेन.

मोजपट्टीचाही प्रश्न असतो. एका वाणात उत्पादन १० वरून २० झालं आणि दुसऱ्यात २० वरून ४०, तर क्विंटलमध्ये इंटरॅक्शन दिसेल: १० ची वाढ आणि २० ची वाढ. पण दोन्हीकडे उत्पादन दुप्पटच झालंय, आणि लॉग घेतला की रेघा समांतर होतात. फिशर-मॅकेन्झी यांनीही बटाट्यांच्या आकड्यांना बेरजेपेक्षा गुणाकाराचं सूत्र जास्त जुळतं असंच नोंदवलं होतं. मात्र एका वाणात पद्धतीने फायदा आणि दुसऱ्यात तोटा होत असेल, तर लॉग घेऊन काही ते मिटत नाही. आपल्या उदाहरणातही मिटणार नाही: क ची वाढ ७ आणि ख ची शून्य, आणि शून्य वाढीचा लॉगमध्येही फरक शून्यच राहतो.

थीसिसमध्ये लिहायचं कसं

असं काहीसं: "पद्धत आणि वाण यांची आंतरक्रिया लक्षणीय आढळली (एफ = ९.७५; डीएफ २, १२; पी = ०.००३). वरंबा-सरी पद्धतीमुळे वाण क चे उत्पादन हेक्टरी १२ वरून १९ क्विंटल झाले, वाण ग मधील २ क्विंटलची वाढ लक्षणीय नव्हती आणि वाण ख मध्ये फरक आढळला नाही (सीडी २.५२)." खाली सहा खान्यांच्या सरासरींचा तक्ता, स्टँडर्ड एररसह, आणि रेघांचा आलेख. आलेखात उभा अक्ष कुठून सुरू केलाय ते लिहा, नाहीतर व्हायव्हात परीक्षक पहिलं तेच विचारतात.